शंभर लिटरच्या तपेल्याखालचा निळा जाळ

तारीख १२ जानेवारी १९७८. वार गुरुवार, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. ठिकाण : चिंचवडच्या आमच्या कारखान्याचं कँटीन, मागचं स्वयंपाकघर. हजर : मेंटेनन्सचे फोरमन पाटणकर, हातात स्टॉपवॉच. भोसरीत स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवणारे दस्तगीर मिस्त्री, स्वतः बनवलेला बर्नर सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेला. आमचे मुख्य आचारी गेनूमामा, चिखलीहून चालत आलेले. चपात्यांकडच्या द्रौपदाबाई, यांना कुणी बोलावलं नव्हतं. आणि मी, कँटीन सुपरवायझर, वही घेऊन. गैरहजर : पुण्याच्या ज्या दुकानाने दोन बर्नर पाठवले होते, त्या दुकानाचा माणूस.

ही वरची नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. मला याद्या करायची सवय आहे आणि ती घरच्यांना आवडत नाही. पण सहाशे माणसांना अर्ध्या तासात जेवू घालायचं तर आठवणीवर भिस्त ठेवून चालत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, कँटीन चालवायचं म्हणजे स्वयंपाक करायचा. स्वयंपाक त्यात थोडा असतो. खरं काम असतं ते उकळण्याचं. चहाचं पाणी, दूध, भात, बटाटे आणि सगळ्यात अवघड म्हणजे तुरीची आमटी. चार माणसांची आमटी कोणीही करील. शंभर लिटरचं तपेलं खालून जळू न देता वरपर्यंत उकळवायचं, आणि तेही साडेअकराच्या भोंग्याच्या आत, हे निराळं शास्त्र आहे. डाळ तळाशी धरली की तो वास सगळ्या तपेल्याला लागतो, आणि मग ती सहाशे माणसं दिवसभर तुमच्याविषयी बोलतात.

तोवर आमच्याकडे दगडी कोळशाच्या भट्ट्या होत्या. आदल्या पावसाळ्यात कोळसा ओला आला, दोनदा जेवणाला उशीर झाला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, आता गॅस घ्या. बर्नर तुम्हीच निवडा. जेवण तुमचं, बोलणीही तुम्हीच खायची."

म्हणून तो गुरुवार. तिन्ही बर्नरवर आधी ऐंशी लिटर पाणी उकळून बघायचं, मग थोडी डाळ लावून बघायची, असं मी ठरवलं होतं.

पहिला बर्नर एकाच मोठ्या तोंडाचा, जोराच्या दाबावर चालणारा. हलवायांकडे असतो तसला. पेटवला आणि स्वयंपाकघर घुमायला लागलं. पाणी सगळ्यात लवकर याच्यावर उकळलं, पाटणकर खूश. पण डाळ लावली तेव्हा तपेल्याच्या मधोमध ताटाएवढा काळा डाग पडला. सगळा जाळ एकाच जागी, मग दुसरं काय होणार? गेनूमामांची तक्रार वेगळीच होती. ते ओरडून म्हणाले, "बाई, ह्ये तर आभाळातलं इमान हाय. डाळ काय म्हनती त्ये आयकू येत न्हाई!"

हे नुसतं बोलणं नव्हतं. जुना आचारी आमटी कानाने शिजवतो. आधी बारीक सळसळ असते, मग बुडबुड्यांचा आवाज जड होत जातो. तो जड झाला की ढवळायला घ्यायचं. आवाज ऐकू आला नाही तर झाकण काढून बघत बसावं लागतं, आणि प्रत्येक वेळी वाफ जाते.

दुसरा बर्नर बिडाचा, तीन कड्यांचा. जाळ सुरेख, आवाज नाही. पाण्याला उकळी येईपर्यंत पाटणकरांचे दोन चहा झाले. स्टॉपवॉच त्यांनी कधीच खिशात घातलं होतं.

तिसरा दस्तगीर मिस्त्रींचा. त्यांनी लोखंडी पाइप वाकवून दोन गोल केले होते, एकात एक, आणि त्यांना बारीक भोकं पाडली होती. तपेल्याच्या सगळ्या बुडाला जाळ पोचेल असं. वेळ मधला लागला. डाळ धरली नाही. मात्र दुसऱ्या तपेल्याच्या वेळी जाळ मंदावला. द्रौपदाबाईंनी सिलिंडरला हात लावला आणि मागे घेतला. "अगं बया, बर्फ धरलंय की ह्याच्यावर!"

"असंच होतं, बहेनजी," दस्तगीर म्हणाले. "गॅस भराभर खेचला की टाकी गारठते. गारठली की दाब उतरतो. थंडीच्या दिवसांत तर लवकरच. दोन टाक्या जोडून घ्या, दोघींनी मिळून काम केलं की कुणीच दमत नाही."

मग त्यांनी मला हवेची चकती दाखवली. बर्नरच्या मानेवर एक गोल चकती असते, ती फिरवली की हवा कमीजास्त होते. हवा कमी झाली की जाळ पिवळा आणि लांब होतो, काजळी धरतो, गॅस फुकट जातो. हवा बरोबर असली की जाळ आखूड, निळा. "निळा म्हणजे पुरा जळाला," ते म्हणाले. "पिवळा नुसता दिसायला मोठा. आच नाही."

गेनूमामा बर्नरसमोर वाकून उभे होते. ते म्हणाले, "समदं खरं. पर जाळ कुठाय?"

आम्ही सगळे हसलो. पाटणकर म्हणाले, "मामा, हा काय तुमच्या नाकासमोर!"

"व्हय व्हय," मामाही हसले. "घावला."

मी वहीत लिहिलं : तिसरा बर्नर पसंत. दोन सिलिंडर जोडणे. हवेची चकती निळ्या जाळावर ठेवणे. आणि खाली, मामांचा विनोद म्हणून, 'पर जाळ कुठाय?' हेही लिहिलं.

गेनूमामा तेव्हा छप्पन वर्षांचे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चिखलीत आणि आसपासच्या गावांत लग्नाच्या आणि भंडाऱ्याच्या पंगती रांधून त्यांनी नाव कमावलं होतं. १९६४ साली कारखान्याने त्यांना घरून बोलावून आणलं, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. आमटीत मीठ घालताना त्यांनी कधी वजन केलं नाही आणि कधी चुकलं नाही. माझ्यासारख्या मापाने चालणाऱ्या बाईला हे सहन करायला दोन वर्षं लागली.

पहिला आठवडा छान गेला. मग तपेल्यांची बुडं काळी व्हायला लागली. घासणाऱ्या बायका कुरकुरू लागल्या. सिलिंडर ठरल्यापेक्षा आधी संपू लागले. आणि एका बुधवारी साडेअकराला आमटी कच्ची होती. पहिल्या पंगतीने ती कशीबशी खाल्ली. दुसऱ्या पंगतीने ताटं वाजवली. मशीन शॉपचा एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, डाळ शिजवलीय का नुसती भिजवलीय?"

मॅनेजरसाहेबांनी ऑफिसमधून खाली येऊन फक्त तपेल्यात बघितलं आणि परत गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी दस्तगीरना चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी चांगली कडक होती. तुमच्या बर्नरने आमचं नाव घालवलं, असं काहीतरी. ते त्याच दुपारी आले, गुडघ्यावर बसले आणि चकतीकडे बोट दाखवलं. "बाई, बर्नर का काही कसूर नाही. कुणीतरी याची हवा बंद केलीय. जवळजवळ पुरी."

त्यांनी चकती बरोबर जागी आणली आणि कानशीने तिथे खूण केली. दुसऱ्या दिवशी चकती खुणेच्या पार पलीकडे होती. तिसऱ्या दिवशीही.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम करत होतं. मी यादी केली. सकाळी साडेसहाला बर्नरजवळ कोण असतं? गेनूमामा, ते तर असणारच. आणि द्रौपदाबाई. त्यांचं काम चपात्यांचं, दुसऱ्या टोकाला. तरी त्या रोज बर्नर पेटवायच्या वेळी तिथे उभ्या असत आणि पेटला की म्हणत, "लागली, मामा!" मला तो त्यांचा रिकामटेकडेपणा वाटायचा. शिवाय कोळसा गेल्याचा राग त्यांनाच सगळ्यात जास्त होता. निखाऱ्यांवर त्या आपली ज्वारीची भाकरी शेकून घ्यायच्या, ते सुख गेलं होतं. बीडकडच्या बाईला कँटीनची चपाती पुरी पडत नाही, हे त्या उघड बोलायच्या.

मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. "द्रौपदाबाई, चकतीला हात तुम्ही लावता का?"

त्यांनी एकदा गेनूमामांकडे बघितलं. मामा भाताच्या तपेल्याकडे तोंड करून उभे होते. मग त्या म्हणाल्या, "माझाच लागला आसंल हात, बाई."

मी त्यांना मेमो दिला. आणि तोंडी हुकूम दिला की सकाळी आठपर्यंत चपात्यांची बाजू सोडायची नाही. त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला. मामा का गप्प राहिले, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. असायला हवा होता.

पुढच्या सोमवारी माझा हुकूम पाळला जातो का हे बघायला मी सव्वासहालाच गेले. दारातच थांबले. द्रौपदाबाई आपल्या जागी कणीक मळत होत्या, पाठ फिरवून. धूर ओढणारा पंखा घरघरत होता, जाळाचा आवाज त्यात बुडून जात होता. मामांनी गॅस सोडला, काडी ओढली, बर्नरला लावली. बर्नर पेटला. मेमो दिल्यापासून चकती खुणेवरून हलली नव्हती, लांबून मला निळी कडी स्वच्छ दिसली.

मामांनी दुसरी काडी ओढली.

मला कळेना. त्यांनी ती काडीही बर्नरजवळ नेली, मग डोकं वाकवलं, आणि भोकं बुजलीत का हे चाचपायला हात पुढे केला. सरळ जाळात.

ते ओरडले त्याच्या आधी मी ओरडले. मी धावत जाऊन त्यांचा हात पाण्याच्या पिंपात घातला. माझा हुकूम मोडून द्रौपदाबाई तिकडून धावत आल्या, पिठाचे हात तसेच. "मामा, लागली हुती की वो! लागली हुती!"

त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. रोज त्या तिथे कशाला उभ्या असत, ते कळलं. चकती कोण फिरवतं आणि का, तेही कळलं.

हाताला तळव्यापासून बोटांपर्यंत भाजलं होतं. प्रथमोपचाराच्या खोलीत मलम लावून झाल्यावर मामा बाकावर बसले. मी दार लावून घेतलं.

"कधीपासून दिसत नाही, मामा?"

"दिसतंय की बाई. तांबडं दिसतंय, पिवळं दिसतंय. ह्यो निळा तेवढा दिसंना. डोळ्यावर पडदा आलाय. कोळसा हुता तवर निभलं, निखारा आंधळ्यालाबी दिसतो."

"म्हणून हवा बंद करून जाळ पिवळा करायचात?"

"व्हय. म्हंजी जाळ हाय ह्ये तरी कळायचं. द्रौपदीवर आळ आला तवाच बोलाया पायजे हुतं. जीभ उचलली न्हाई. डागदरला कळलं तर घरी बसवतील. दोन वर्सं ऱ्हायली, बाई. दोनच. मला गावात त्ये सांगाया लावू नका, का गेनूला कंपनीनं आंधळा म्हनून काढला."

माझ्यासमोर अपघात नोंदवही होती आणि तिच्यात कारणाचा रकाना होता. तो मला भरायचा होता. खरं लिहिलं तर कंपनीचे डॉक्टर त्यांना आगीजवळ उभं राहू देणार नाहीत, आणि आचाऱ्याला आगीशिवाय दुसरं काम आमच्याकडे नाही. खोटं लिहिलं तर उद्या हाताऐवजी तोंड भाजेल.

मी लिहिलं : विजेच्या उजेडात ज्योत न दिसल्याने हात भाजला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कुणाला दिसली नाही, हे लिहायला रकाना अपुरा पडला. हे मी बरोबर केलं असं आजही म्हणवत नाही. मामांना मात्र मी तिथेच अटी घातल्या. एक, बर्नर यापुढे एकट्याने पेटवायचा नाही. दोन, उन्हाळ्यात रजा घेऊन डोळ्याचं ऑपरेशन करायचं. तीन, लपवालपवी आज संपली.

तिसरी अट आधी मीच पाळायची होती. दुपारची पंगत उठल्यावर मी सगळ्या स्वयंपाकघराला गोळा केलं आणि सांगितलं की द्रौपदाबाईंची चूक नव्हती, माझी होती. खरं कोण, हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. नंतर समजलं की माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊकच होतं. मी मेमो परत मागितला, फाडून टाकते म्हणाले.

"फाडू नका, बाई," द्रौपदाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. माझं नाव छापल्याला कंपनीचा पयला कागद हाय त्यो."

ऑफिसातल्या प्रतीवर मी 'रद्द' लिहून सही केली. त्यांची प्रत त्यांच्याकडेच राहिली.

उरला प्रश्न बर्नरचा. मी सुट्टीच्या दिवशी भोसरीला दस्तगीरांच्या वर्कशॉपमध्ये गेले. आधी कडक चिठ्ठीबद्दल माफी मागितली आणि नजर कमी झालेलं कुणीतरी चकती फिरवत होतं, हे सांगितलं. ते म्हणाले, "वो छोडो. अम्मीचीही नजर अशीच गेली होती. बोलो, काय करायचं?"

मी सांगितलं, की निळा जाळ न दिसणाऱ्या माणसाला तो पेटला आहे हे कळलं पाहिजे, आणि आमटीला आच पुरी मिळाली पाहिजे.

त्यांनी खडूने जमिनीवर बर्नर काढला. मग कडेला एक छोटी नळी काढली. "ही बत्ती. हिला वेगळा नळ. आणि हिला हवेचं भोकच द्यायचं नाही. पिवळीच जळणार, बोटभर. आधी ही पेटवायची. मोठा नळ सोडला की मोठा बर्नर हिच्यावरून आपोआप पेटतो. काडीचं काम नाही, हात जवळ न्यायचं काम नाही. बत्ती दिसली तरच मोठा नळ सोडायचा, बस."

काजळीचं काय, असं मी विचारलं. "तपेल्याच्या बाहेर ठेवतो ना. भिंतीला लागली तर लागू दे थोडी."

ती बत्ती बसवली त्या सकाळी मामांनी एका हाताला पट्टी असताना दुसऱ्या हाताने नळ सोडला. बत्ती पिवळी जळत होती. भप्प आवाज झाला. मामांनी द्रौपदाबाईंकडे मान वळवली आणि ऐटीत म्हणाले, "लागली, बाई!" चकतीला पुन्हा कुणी हात लावला नाही. बुडं स्वच्छ झाली, आमटी वेळेवर आली. मशीन शॉपचा तो माणूस मात्र डाळ चांगली झाल्याचं सांगायला कधी आला नाही. तसं कुणी येत नाही.

एप्रिलमध्ये मामांनी रजा घेतली. कारण लिहिलं, घरगुती. पुण्याच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जूनमध्ये ते जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले. भिंगांमुळे डोळे दुप्पट मोठे दिसत होते, आणि वाफेने काचा भरल्या की ते धोतराच्या सोग्याने पुसत. पहिल्या दिवशी मोठा बर्नर पेटला आणि ते तिथेच उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, तपेलं चढवा."

"बाई," ते हळू म्हणाले, "येवढा निळा असतो व्हय ह्यो?"

१९८० मध्ये ते रीतसर निवृत्त झाले. नारळ, शाल, गेटपर्यंत सोडायला सगळं स्वयंपाकघर.

त्यानंतर बर्नर निवडायला लोक माझ्याकडे येऊ लागले. चाकणकडच्या नव्या कारखान्यांचे सुपरवायझर आले, खेडचा एक लग्नाचा कंत्राटदार आला. तपेल्याचं बूड मोजा, एका जागी जाळ नको, टाक्या दोन जोडा, वाऱ्याला आडोसा करा, हे मी सांगतेच. पण त्याआधी विचारते की बर्नरसमोर उभं कोण राहणार आहे. खेडच्या कंत्राटदाराला वाटलं, मी बाई असल्यामुळे विषय सोडून बोलते आहे.

क्रेन चालवणाऱ्यांचे डोळे आमच्याकडे दरवर्षी तपासतात. ट्रकच्या ड्रायव्हरचेही. उकळती आमटी उचलणाऱ्यांचे नाही. म्हणून १९७९ मध्ये मी तसा प्रस्ताव लिहिला. पर्सोनेल खात्याकडून, म्हणजे नोकरभरती बघणाऱ्यांकडून, तो शेरा मारून परत आला : कल्पना चांगली. अपात्र ठरणाऱ्यांना नियमाप्रमाणे कमी करता येईल. तो शेरा वाचून मी त्याखाली संमतीची सही केली नाही. अशी तपासणी सुरू झाली तर दिसत नाही म्हणून कोण सांगेल? मी एक ओळ वाढवून मागितली, की अपात्र ठरणाऱ्याला त्याच पगारावर कँटीनमध्येच दुसरं काम द्यावं. त्या ओळीसाठी फाइल तीन वर्षं वर जाते आहे आणि खाली येते आहे.

तोवर मी माझी तपासणी करते. वर्षातून एकदा, सुट्टीच्या गुरुवारी, बर्नरची चार भोकं मातीने बुजवते आणि एकेका आचाऱ्याला विचारते की जाळ कुठे तुटलाय ते दाखवा. यंदा भाताकडचा आचारी, अकरा वर्षं आमच्याकडे आहे, बघायच्या आधीच म्हणाला, "एकदम झकास जळतोय, बाई."

"नीट बघा. कुठे तुटलाय?"

तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, पोरगी यंदा धाव्वीला हाय."

मी वहीत काही लिहिलं नाही. फाइल पर्सोनेलमध्ये आहे. ती एक ओळ अजून मंजूर करून घ्यायची राहिली आहे.